एकतिसावी ओळ

या गावात आल्यापासून सात मफलर विणले मी.
मफलर काही विचारत नाही.
जा, वळ, ये. जा, वळ, ये.
कंटाळा आला की थांबायचं, तेवढीच त्याची लांबी.
एक भावाला, एक घरमालकिणीला,
एक बंदरावरच्या क्रेनवाल्याला,
ज्याचं नाव अजून माझ्या जिभेवर बसत नाही.

मग हाल्वेग म्हणाली, बोझेना, गळे पुरे झाले.
आता अंगाचं बघ.
आणि टेबलावर तिनं एक कागद ठेवला,
घड्यांवर विरलेला, कॉफीच्या कपाचं वर्तुळ उमटलेला.
खांद्यांभोवतीची गोल नक्षी:
काळे चौकोन, पांढरे चौकोन,
मधूनच एखाद्या चौकोनात तिरकी रेघ.

खालून वर वाचायचं. उजवीकडून डावीकडे.
एवढं कळायलाच एक रविवार गेला.

‘स्ल्येत्त’ हा शब्द मी आधी समुद्रासाठी ऐकला होता.
आज स्ल्येत्त आहे, बोटी सुटतील.
कागदावर तो निघाला सुलट टाका.
फियोर्ड असा रात्रभर विणता आला असता तर, वाटलं,
एकही उलट न घालता.

दिवसा फॅक्टरीत हॅडॉकचे काटे काढायचे,
रात्री टाके मोजायचे.
माशाचा वास बोटांना, मेंढीचा लोकरीला,
दोन्हीही साबणाला दाद देत नाहीत.

एकशे अडुसष्ट टाके. आठ-आठाचे एकवीस गट.
तिसाव्या ओळीपर्यंत सगळं जागच्या जागी,
करड्यावर पांढरी टोकं, थेट खिडकीतल्यासारखी.
एकतिसावी विणली
आणि बत्तिसाव्या ओळीत कागद सात मागू लागला.
माझ्या सुईवर आठ.

उसवलं.
कुरळी लोकर मांडीवर साचली, जणू तिला मागचं सगळं आठवत होतं.
पुन्हा विणलं. एकवीस टाके जास्त.
उसवलं. पहिले पाढे पंचावन्न.

चूक माझीच असणार.
इथं ती नेहमी माझीच असते:
कचऱ्याचा डबा भलत्याच दिवशी बाहेर,
बँकेच्या फॉर्मवर आडनाव भलत्याच रकान्यात,
बेकरीत मागितला पाव, मिळाली
सहा जणांची लांबलचक वाट बघणारी शांतता.

तिसऱ्यांदा, रात्री दोनला, पत्र्यावर वारा आपटत असताना
मोजले.
एकवीस.
आधी एकवीस, मग एकवीस, आताही एकवीस.

मी स्वतःला ओळखते.
माझ्या चुका इतक्या शिस्तीच्या नसतात.

तेव्हा पहिल्यांदाच कागद पालथा ठेवला
आणि हातातलं वाचलं.
दर आठव्या टाक्यापाशी नक्षीला वर चढायचं होतं,
शेजारचा अंगावर रेलून उभा,
दोघांना एकच घर पुरलं असतं.

शनिवारी हाल्वेगनं चष्मा लावला.
ओठ हलवत कागद मोजला, मग माझं विणकाम, मग परत कागद.
बराच वेळ काही बोलली नाही.
चाळीस वर्षं मी हाच स्वेटर विणतेय, म्हणाली,
पण इथं आल्यावर कागदाकडे बघतं कोण?
हात आपले आपण दोन एकत्र घेतात.

आणि पेन्सिल तिनं माझ्याकडे सरकवली.

एकतिसाव्या ओळीत, शेवटच्या चौकोनात,
मी एक तिरकी रेघ ओढली. फार बारीक आली.
तिनं मान हलवली, म्हणून पुन्हा ठळक केली.

आता स्वेटरला गळा आहे, बाह्या आहेत,
काखेत मात्र दोन भोकं.
ती कशी बुजवायची ते मागच्या पानावर लिहिलंय,
आणि मागचं पान
हाल्वेगच्या मुलीनं एकोणीसशे ब्याण्णव साली
कशाला तरी पेटवायला घेतलं होतं.

मग? मी विचारलं.
मग काय, ती म्हणाली, कॉफी ओत.